बघून काढलेला बैल

चित्रकलेच्या क्लासला नाव घालण्यात केसरीनाथला तीन फायदे दिसत होते, आणि तिन्हींत चित्राचा कुठं संबंध नव्हता.

पहिला म्हणजे दुपारी तीन ते पाच घराबाहेर राहता येणार होतं. टेमघरच्या घरी नेमक्या याच वेळेला त्याची बायको रंगूबाई मोड आलेल्या वालांची पाटी पुढ्यात घेऊन बसायची आणि समोर जो रिकामा दिसेल त्याला सोलायला बसवायची; आणि गाळे भाड्यानं दिल्यापासून केसरीनाथइतका रिकामा माणूस त्या आळीत दुसरा नव्हता. दुसरा फायदा तब्येतीचा. डॉक्टरनं ब्लडप्रेशरच्या गोळीबरोबर ‘काहीतरी छंद लावून घ्या’ असं सांगितलं होतं. गोळीला पैसे पडत होते, छंदाला पडणार नाहीत अशी केसरीनाथची अटकळ होती, आणि तिसरा फायदा या अटकळीच्या पोटातच होता. क्लास त्याच्याच गाळ्यात भरत होता, मेडिकलच्या वर पहिल्या माळ्यावर, एसीसकट. भाडेकरणीनं मालकाकडून फी कशी घ्यायची?

भाडेकरीण म्हणजे ऋतिका, सव्वीस वर्षांची, चित्रकलेचा डिप्लोमा केलेली, चष्म्याआडून माणसाला शांतपणे बघणारी मुलगी.

“काका, भाडं मी पाच तारखेला देते ना?”

“देतेस की. तुझ्याबद्दल तक्रार न्हाय.”

“मग फी पण पाच तारखेला द्या. माझीही तक्रार नसेल.”

तिसरा फायदा असा दारातच गळाला. वर ती म्हणाली, “आणि तीन ते पाच लेडीज बॅच आहे. चालेल?”

“मला चालेल.”

“तुमचं नाही विचारत. त्यांना विचारते.”

आत आठ बायका उशांच्या अभ्र्यांवर मोर रंगवत होत्या. त्यांतली हौसाताई, वयानं मोठी आणि तोंडानं त्याहून मोठी, मानसुद्धा वर न करता म्हणाली, “बसू दे गं त्यांना. माझा सासरा पण असाच कोपऱ्यात बसून असायचा. तरास काय न्हाय व्हायचा.”

कोपरा मिळाला. पण छंद म्हणजे काय चीज असते हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. आठ दिवस ऋतिकानं त्याच्याकडून नुसत्या रेघा मारून घेतल्या. उभ्या, आडव्या, तिरक्या. सातबारा उलटा धरूनसुद्धा वाचणारा माणूस तो, त्याला सरळ रेघ येईना. नवव्या दिवशी तिनं स्टुलावर तांब्या ठेवला. केसरीनाथनं तासभर घाम गाळून तांब्या काढला आणि त्याला वर चंद्रासारखं वाटोळं तोंड दिलं.

“काका, तोंड एवढं गोल का?”

“तांब्याचं तोंड गोल असतं म्हणून.”

“असतं, बरोबर. तिथून दिसतंय का गोल?”

“अगं, साठ वर्षं पाणी पितोय मी तांब्यानं. मला माहीत हाय.”

“तेच तर. जे माहीत आहे ते काढताय तुम्ही. जे दिसतंय ते काढा.”

हौसाताई लांबून म्हणाली, “भोपळा चांगला आलाय पण.”

केसरीनाथ त्या रात्री जेवायच्या वेळी तांब्या डोळ्यांसमोर धरून वरखाली करत बसला. खरंच की! तोंड कुठंच गोल नव्हतं. वर नेला की चपटं व्हायचं, खाली आणला की उघडायचं, आणि पूर्ण गोल दिसायला नाक आत घालावं लागत होतं. साठ वर्षं ज्या वस्तूनं पाणी प्यालो ती आपण एकदाही बघितली नाही, हा विचार डोक्यात शिरला आणि मग बाहेर निघेना. रंगूबाईनं विचारलं, “भोक पडलंय का त्याला?”

पुढं ऋतिकानं पेन्सिलीनं माप घ्यायला शिकवलं. हात ताठ पुढं करायचा, एक डोळा मिटायचा, आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत समोरच्या वस्तूची उंची-रुंदी ताडायची. हे केसरीनाथला मनापासून आवडलं. जन्म जमिनीच्या व्यवहारात गेलेला. मापात त्याचं मन लागलं. तो डोळा मिटून विजेचे खांब मोजू लागला, टेम्पो मोजू लागला. एकदा समोरच्या घरातली बाई गच्चीवर कपडे वाळत घालत असताना त्यानं डोळा मिटून हात पुढं केला, आणि त्यानंतर रंगूबाईला शेजारी जाऊन बरंच काही समजावून सांगावं लागलं.

आता या छंदात एक चौथा फायदा कसा उगवला ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यापायी घडलं.

केसरीनाथची सासुरवाडी अंबाडीच्या पुढं, आतल्या गावात. चौतीस वर्षांपूर्वी, नवा जावई म्हणून गेलेला असताना, कुणीतरी हौसेनं त्याच्या हातात शर्यतीच्या गाडीचा कासरा दिला. केसरीनाथच्या घरात पिढ्यानपिढ्या भात आणि खाडीची जाळी. बैलाशी त्यांची ओळख दुरूनच. गाडी सुटली आणि जावई शेणाच्या उकिरड्यात बसला. तेव्हापासून सासुरवाडीत त्याचा मान होता, जावयाला असतो तेवढा, पण तो आला की कुणीतरी हटकून म्हणायचं, “दाजींना पाट द्या रे, नायतर खाली बसतील.” चौतीस वर्षं तोच विनोद आणि चौतीस वर्षं तेवढंच हसू. या माणसांनी मरायच्या आधी एकदा तरी आपल्याला ‘वा’ म्हणावं, एवढी एकच वसुली केसरीनाथची तिथं बाकी होती.

आणि एक दिवस मेहुण्याचा, बाळारामचा फोन आला.

बाळारामकडं फौजदार नावाचा शर्यतीचा बैल होता. त्या हंगामात त्यानं आठ मैदानं मारली होती, आणि तुळशीराम शेठ नावाच्या बड्या शौकिनानं मैदानावरच, गुलालात न्हालेल्या फौजदारची पाठ थोपटून इसार दिला होता. पंधरवड्यानं रविवारी बैल न्यायचं ठरलं. शेठची एक हौस होती: नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये फौजदार भिंतीवर पाहिजे.

“फोटो दे की मग,” केसरीनाथ म्हणाला.

“फोटो काय दाजी, कुत्र्याचेपण असतात. शेठला पेंटिंग पाहिजे, राजाचं असतं तसं. ताई म्हणाली तुमी शिकताय. आन् घरचा माणूस असला म्हंजे...” पुढं ‘फुकट होईल’ असं तो बोलला नाही, पण केसरीनाथला ऐकू आलं.

तरी तो हरखला. सासुरवाडीनं त्याला आजवर जेवायला बोलावलं होतं, कामाला कधीच नाही.

दुसऱ्याच दिवशी तो मोठा कागद, लाकडी पॅड आणि आठ पेन्सिली घेऊन अंबाडीच्या बसमध्ये बसला. बाळाराम घरी नव्हता, वज्रेश्वरीला देवीला नारळ द्यायला गेला होता. त्याच्या बायकोनं, चंद्रानं, फौजदारला नुकताच घासून धुतला होता आणि अंगणाखालच्या चिंचेला बांधला होता. ना झूल, ना गुलाल. केसरीनाथ ओट्यावर बसला. तिथून बैल थोडा खाली, पाठीसकट दिसत होता. त्यानं हात ताठ केला, एक डोळा मिटला, आणि माप घ्यायला सुरुवात केली.

रस्त्यानं जाणारी एक मोटरसायकल थांबली. मग दुसरी. अर्ध्या तासात कुंपणाला बारा माणसं लागली.

“काय मोजताय?”

“बैल.”

“बैल कशाला कोण मोजतंय! बैलाच्या मागची शेतं मोजतात हे.”

“रस्ता येतोय का साहेब? हितूनच का पलीकडून?”

“अरे मोजणीला टेप लागते, साखळी लागते.”

“ती जुनी पद्धत. आता पेन्सिलीनं मोजतात. मुंबईला कागद, हितं पेन्सिल.”

केसरीनाथनं कळवळून सांगितलं की मी चित्र काढतोय, मी बाळारामचा दाजी. ते तर कुणालाच पटलं नाही. रस्त्याची मोजणी करणारा माणूस पहिल्यांदा असंच काहीतरी सांगतो, हा त्या भागाचा वीस वर्षांचा अनुभव होता. एक म्हातारा मुकाट्यानं घरी गेला आणि त्यानं दिवस मावळायच्या आत बांधावर आंब्याची सात रोपं लावली. भरपाईत झाडं वेगळी धरतात.

गर्दी पांगली तेव्हा केसरीनाथनं कागदाकडं बघितलं. पाय टेबलाचे आले होते. तोंड रागावलेल्या मेंढीचं. शेपूट कुठून निघते हे बैलालाही सांगता आलं नसतं. तो खचला. मग ऊन कलतं झालं, बैलाच्या अंगावरचं पाणी सुकलं, आणि वशिंडाच्या मागं, कण्याला लागून, केसांचा एक भोवरा उन्हात चमकायला लागला. रुपयाएवढा. सगळे केस एका दिशेला वाहत आलेले, आणि तिथं एकदम उलटे फिरून गोल गोल आत बुडालेले. ओढ्याला भोवरा पडतो तसा.

याबद्दल केसरीनाथला काहीच माहीत नव्हतं, म्हणून त्याला तो दिसला. त्यानं बारीक टोकाची पेन्सिल घेतली आणि पुढचे दोन तास फक्त तेवढाच रुपया काढला, एकेक केस करून. चंद्रानं ठेवलेला चहा निवून त्यावर साय धरली. उठला तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या आणि त्याला आपण साठीचे आहोत याचा विसर पडला होता.

पुढचे आठ दिवस क्लासमध्ये रंग भरण्यात गेले. पायांना रंगानं काही फरक पडला नाही. भोवऱ्यावर मात्र तो सर्वांत बारीक ब्रशनं, श्वास रोखून बसायचा. गुरुवारी चित्र घरी आणून त्यानं सोफ्यावर उभं केलं आणि बाळारामला बोलावून घेतलं.

बाळाराम आला, लांब उभा राहिला, मान वाकडी केली. “दाजी, हा कोण?”

“फौजदार!”

“न्हाय म्हंजे, बैलच हाय ना?”

मग तो जवळ आला, आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं आधी दार लावून घेतलं, मग खिडकी.

“हे काय काढलंय तुमी?”

“भोवरा. कसा आलाय?”

“दाजी,” बाळाराम खाली बसला. “वशिंडाच्या मागं उलटा भोवरा म्हंजे धन्याचं वाईट. असला बैल कोण दावणीला बांधत न्हाय. मला तो अर्ध्या किमतीत का मिळाला मग? दोन वरसं झाकतोय मी. कधी झूल, कधी गुलाल. रविवारी अंगभर हळद फासणार होतो. पूजेची हळद लावलेल्या बैलाला कोण बोट लावून बघत न्हाय. आन् तुमी तो भिंतीवर टांगायला काढून ठेवलाय!”

“पण दोन वर्षांत तुझं काय वाईट झालं?”

“काय न्हाय! आठ मैदानं मारली! ते मला माहीत. घेणाऱ्याला काय सांगू, भोवरा हाय पण लाभतो? पुसा तो.”

रंगूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तिनं चित्राकडं आणि नवऱ्याकडं सारख्याच नजरेनं बघितलं. “अवो, भावाच्या व्यवहाराचा परश्न हाय. टाका पुसून तेवढं. बाकी बैल तसापण कुणाचा ते कळतंय कुठं?”

“म्हणूनच तर!” केसरीनाथ म्हणाला. “तेवढ्यावरून तर कळतंय. ते पुसलं तर म्हैस होईल त्याची.”

“म्हैस झाली तर झाली,” बाळाराम म्हणाला. “म्हशीला खोड नसते.”

शुक्रवारी केसरीनाथ चित्र घेऊन ऋतिकाकडं गेला, रंगावर रंग कसा चढवायचा ते विचारायला. तिनं चित्र टेबलावर ठेवलं. पाय बघितले, तोंड बघितलं. मग तिचा चष्मा भोवऱ्यापाशी थांबला. बराच वेळ.

“हे तुम्ही काढलंत? एकट्यानं?”

“हां.”

“काका, हे तुम्ही बघून काढलंय. सगळ्या चित्रात एवढंच बघून काढलंय, पण काय काढलंय! अहो हौसाताई, इकडं या.”

आठही बायका आल्या. हौसाताईनं बोट पुढं केलं आणि मध्येच मागं घेतलं. “हात लावला तर केस लागतील वाटतंय,” ती म्हणाली, आणि पुढं भोपळा वगैरे काहीच बोलली नाही.

केसरीनाथ रंगावर रंग चढवायचं न विचारताच घरी आला. लोक नंतर म्हणाले, केसरीनाथ सत्याला जागला. हिशेब तसा नव्हता. फसवणुकीचं त्याला फारसं वाईट वाटलेलं नव्हतं. गाळेवाल्याला तेवढं पचतं. पण साठ वर्षांत हातून एक गोष्ट धड झाली, तीही रुपयाएवढी, ती स्वतःच्या हातानं पुसायची हे त्याच्यानं होईना.

शनिवारी त्यानं बाळारामला फोनवर सांगितलं, “पुसलं न्हाय. जमणार न्हाय.” वाटलं होतं मेहुणा भडकेल. पण बाळाराम थंडपणे म्हणाला, “राहू द्या. चित्र तसंच पाठवून द्या, मी बघतो.”

त्यानं काय बघितलं ते रविवारी कळलं.

बाळारामच्या अंगणात मांडव होता. फौजदार शिंगांपासून शेपटीपर्यंत हळदीनं पिवळाधमक, वर झूल. शेजारी खुर्चीवर चित्र, आणि चित्रावर झेंडूचा जाडजूड हार, असा तिरका घातलेला की बाकी सगळा बैल उघडा आणि भोवरा तेवढा झेंडूखाली. म्हणजे केसरीनाथचं जे जे वाईट होतं ते सगळं गावापुढं मांडलेलं, आणि चांगलं तेवढं झाकलेलं.

गाव रांगेनं बघायला आलं.

“गाभण हाय का ही?”

“पाय बघ, सुताराकडून करून घेतलेत.”

“दाजी, बैल पळता पळता काढलात का पडता पडता?”

“पाट द्या रे दाजींना!”

केसरीनाथ खुर्चीमागं उभा राहून सगळं ऐकत होता. चौतीस वर्षांची वसुली बुडताना दिसत होती, आणि ती देण्याइतका ऐवज तिथंच, वीत-दीड वितीवर, झेंडूखाली पडला होता. तेवढ्यात तुळशीराम शेठ आले. पांढरा सदरा, बोटांत अंगठ्या. चित्रासमोर उभे राहिले आणि सभ्यपणे म्हणाले, “बरं हाय. शिकाऊच्या मानानं.”

हे ‘बरं हाय’ त्या पाटापेक्षा जास्त लागलं. केसरीनाथ पुढं झाला.

“शेठ, चित्र हे न्हाय. चित्र हितं हाय,” म्हणाला, आणि त्यानं हार उचलून बाजूला केला.

बाळारामचे हात पूजेच्या ताम्हनातच राहिले.

तुळशीराम शेठनी खिशातून चष्मा काढला. वाकले. भोवऱ्याकडं बघत राहिले. मग बैलापाशी गेले, झूल उचलली, खांद्यावरचा रुमाल कळशीत बुडवला आणि वशिंडाच्या मागं हळद पुसू लागले. हळद गेली. खाली भोवरा होता, चित्रातल्यासारखा, केसाला केस.



“शेठ,” बाळाराम म्हणाला, “दाजी शिकाऊ हायत. त्यांना काय कळतंय?”

“शिकाऊ हाय म्हणूनच,” शेठ रुमाल पिळत म्हणाले. “शिकलेला असता तर त्यानं झाकला असता.”

इसार तिथल्या तिथं परत झाला. शेठ गाडीत बसता बसता थांबले, मागं आले, आणि चित्र काखेला मारलं. “हे मी नेतो. बैलात खोड हाय, ह्याच्यात न्हाय.” केसरीनाथकडं वळून म्हणाले, “पाय शिका. पण भोवरा... वा!”

सगळ्या गावानं ऐकलं. पाटाचं नाव त्या दिवशी पुन्हा कुणी काढलं नाही, पण त्याचं एक कारण असंही होतं की त्या दिवशी केसरीनाथशी कुणी बोललंच नाही.

एक बोलली ती चंद्रा, आणि तीही रंगूबाईशी. आता खोड गावाला कळली होती. कळेपर्यंत भोवरा नुसता भोवरा होता. कळल्यावर चंद्राला नवऱ्याचा दोन वर्षांचा सर्दी-खोकला आठवला. “वन्सं, हा मी दारात ठेवायची न्हाय. माझ्या कपाळाचा परश्न हाय. ज्यांनी उघडा पाडला त्यांनी न्यावा.”

केसरीनाथ घाबरला. “अगं, पण धन्याचं वाईट म्हणतात ना!”

रंगूबाईनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत मोजलं, पेन्सिलीशिवाय. “तुमच्यात वाईट व्हायला आता उरलंय काय?” ती म्हणाली, आणि टेम्पो बोलावला.

फौजदार टेमघरला आला. गाळ्यांच्या मागं पत्र्याची शेड पडली. गावोगावच्या मैदानांवर बातमी आधीच पोचली होती. भोवऱ्याच्या बैलाला कुणी गाडी देईना, जोडीला कुणी आपला बैल देईना. ऋतिकानं मात्र शेड बघितली, उजेड बघितला, आणि लेडीज बॅच आठवड्यातून दोनदा तिथं न्यायला लागली. फी तिनं वाढवली. जित्या मॉडेलची फी वेगळी असते म्हणाली. हौसाताईनं पहिल्याच दिवशी बैलाचे पाय केसरीनाथपेक्षा बरे काढले.

आता कुणी काय भरलं ते बघायचं तर, तुळशीराम शेठना इसार परत मिळाला आणि वर चित्र फुकट. बाळारामचा सौदा बुडाला खरा, पण निम्म्या किमतीत घेतलेल्या बैलानं आठ मैदानांची बक्षिसं त्याच्या घरात आधीच आणून टाकली होती. चंद्राचं कपाळ शाबूत राहिलं. रंगूबाईनं शेणकुटांचं गिऱ्हाईक शोधलं आणि नवऱ्याला शेणाच्या पाटीवर नेमलं. केसरीनाथला एक ‘वा’ मिळाला, परक्याकडून का होईना, आणि रोज बघायला एक बैल. सगळ्यांचं थोडंथोडं देणं निघत होतं, ते सगळं जाऊन पडलं फौजदारच्या अंगावर. आपल्या पाठीवर काय आहे हे ज्यानं जन्मात बघितलेलं नाही आणि ज्याला आयुष्यात पळण्याशिवाय दुसरं काही येत नाही, तो आता दुपारी तीन ते पाच शेडमध्ये उभा असतो, आणि जरा पाय उचलला की नऊ माणसं एका सुरात ओरडतात, “हलू नको!”